लखनौच्या गल्लीत आणि आग्र्याच्या वाटेवर

चारबाग स्थानकावर भाचा आपली ‘स्पोर्ट’ धर्तीची, कडक स्प्रिंगांची मोटार घेऊन आला होता. १७८४ सालचा रूमी दरवाजा मागे टाकून आम्ही चौकाच्या जुन्या गल्ल्यांत शिरलो. कडक स्प्रिंग दबते थोडी. त्यामुळे प्रत्येक खळगा आईच्या दुखऱ्या कमरेपर्यंत थेट पोचू लागला. तिला बिनस्प्रिंगांच्या जुन्या इक्क्याची आठवण झाली!

दुसऱ्या दिवशी आग्र्यास जाण्यासाठी साधी मोटार भाड्याने केली. तिच्या मऊ स्प्रिंगांनी गल्लीतले धक्के सहज गिळले. परंतु ३०२ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर वेगात बाजू बदलताना ती होडीसारखी कलू लागली. येथे भाच्याची गाडीच अधिक स्थिर राहिली असती, हे मी मान्य केले.

आई मात्र म्हणाली, “डुलू दे मेली! डोळा तरी लागतो.”