रिकामें चाललेलें यंत्र

वडिलांच्या प्राणवायूच्या यंत्रासाठीं दोन वर्षांपूर्वीं आम्ही परसांत डिझेलवर चालणारा लहान जनरेटर बसविला. दर रविवारीं तेल व बॅटरी पाहून तो दहा मिनिटें रिकामाच चालवावा व वहींत नोंद करावी, हा आमचा नेम. भार घातला तर बिचारें यंत्र झिजेल, ही आमची भाबडी दया!

श्रावणांत एका रात्रीं वीज गेली. भार पडतांच जनरेटरनें काळा धूर ओकला व तो बंद पडला. भरलेला सिलिंडर घरांत होता, म्हणून ती रात्र निभावली.

सकाळीं मिस्त्री आले. धूर सोडणाऱ्या नळीच्या सांध्यांतून काळें, चिकट तेल पाझरत होतें. ते म्हणाले, "सर, डिझेल पेटतें तें दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें. भार नसला कीं इंजिन पुरतें तापत नाहीं. अर्धवट जळलेलें इंधन सांचत जातें. महिन्यांतून एकदां तरी अर्धा तास, निदान तिसरा हिस्सा भार द्या."

नेम चुकला नव्हता. समजूत चुकली होती. वडिलांच्या हातांतली भाजीची पिशवीहि आम्ही अशाच दयेनें काढून घेतली होती, हें तेव्हां आठवलें.

आतां महिन्याच्या पहिल्या रविवारीं पाण्याचा पंप व इस्त्री लावून यंत्र चालतें; आणि ओसरीवर घड्याळ घेऊन वेळेची नोंद वडील करतात.