लाली उतरली की सावध

यवतमाळ जिल्ह्यात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळा लागला की खेड्यापाड्यांतून प्लास्टिकच्या बाटल्या यायच्या. फ्लोराइडच्या नमुन्याला काचेची बाटली चालत नाही. पाणी बहुधा खोल बोअरचं, नितळ, चवीलाही चांगलं. लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा. दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत मुभा. एवढ्याशा फ्लोराइडचा जिभेला पत्ता लागत नाही.

आम्ही स्पॅड्न्स पद्धत वापरायचो. झिर्कोनियम आणि स्पॅड्न्स यांचं द्रावण लालभडक असतं. फ्लोराइड त्यातलं झिर्कोनियम ओढून घेतं आणि लाली उतरते. लोह तपासताना रंग जितका गडद तितकं लोह जास्त. इथे सगळं उलट. नवीन आलेल्या मुलांना आलेख खाली उतरताना पाहून हमखास शंका यायची.

50 मिलिलिटर नमुन्यात 10 मिलिलिटर अभिकर्मक घालून 570 नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. खरा वेळ जायचा तो त्याआधी. उन्हातून आलेली बाटली आणि खोलीतली स्टँडर्ड यांच्या तापमानात दोन अंशांहून जास्त फरक राहिला तर आकडा फसवतो, म्हणून सगळं शेजारी ठेवून वाट पाहायची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर तो आधी घालवायचा, कारण तोही रंग उडवतो. आकडा 1.4 च्या वर गेला की नमुना पातळ करून पुन्हा.

एका गावच्या सरपंचबाईंच्या बोअरचा नमुना असाच पातळ करावा लागला. आकडा 3 च्या जवळ. त्या म्हणाल्या, "मॅडम, पानी तं काचेवानी साफ हाये. उकयून प्यालो तं?"

"ताई, उकळून पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं. उलट जास्त घट्ट होतं."

मग त्यांनीच शाळेतल्या पोरांच्या दातांवरच्या तपकिरी डागांचं सांगितलं. गावात जुनी विहीर होती, पण बोअर झाल्यापासून तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. तिचं पाणी मागवलं. जरा गढूळ होतं, पण गाळून तपासलं तर फ्लोराइड 1 च्या आत.

अहवालात दोन्ही आकडे दिले. बाईंना तोंडी सांगितलं: बोअर धुण्याभांड्यांना ठेवा; विहिरीतला गाळ काढा, ब्लीचिंग पावडर टाका आणि जंतूंसाठी एक बाटली वेगळी पाठवा. ती तपासणी झाल्याशिवाय मात्र पिऊ नका.