अंगावरचे थर

पुण्यातल्या जानेवारीत एकाच दिवसात दोन ऋतू येऊन जातात. पहाटे पारा 10-11 अंशांवर असतो आणि दुपारी 30च्या आसपास पोचतो. रत्नागिरीजवळच्या गावातून कॉलेजसाठी पुण्यात आलेल्या तिला याची सवय नव्हती. समुद्राकाठी दिवस आणि रात्र यांत एवढं अंतर पडत नाही. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं आणि किनाऱ्यालाही आपल्याबरोबर ठेवतं. तिच्या गावी थंडी म्हणजे आजोबांची कानटोपी आणि खांद्यावर उपरण्याच्या जागी आलेली शाल, तीही ऊन अंगणात उतरेपर्यंत. पुण्यात मात्र सकाळी सातच्या तासाला हवासा वाटलेला स्वेटर बाराच्या उन्हात नकोसा व्हायचा.

होस्टेलवरच्या मुलींनी यावर आपापले उपाय शोधले होते. त्यातल्या काही मुली थंडीभर विशेष छान दिसायच्या आणि ती त्यांच्याकडे बारकाईनं बघायची. त्यांच्याकडे महागडे कपडे नव्हते. अंगात सुती कुर्ता, त्यावर खादीची बिनबाह्यांची बंडी, त्यावर शाल. ऊन चढलं की शाल पिशवीत जायची, बंडी तशीच राहायची. आणखी उकडलं की बंडीही निघायची. प्रत्येक टप्प्यावर त्या मुली पूर्ण पोशाखात असायच्या. एरवी स्वेटरखाली चुरगळलेला शर्ट दडवलेला असेल तर तो स्वेटर काढताच येत नाही. मग दिवसभर घाम पुसत बसावं लागतं. थर घालायचे तर सगळ्यात आतला कपडा आधी आणि सगळ्यात काळजीनं निवडायचा, कारण दिवसातल्या कुठल्यातरी तासाला तोच वरचा होणार असतो. हे तिथं तिच्या लक्षात आलं, आणि पुढे ती जिथं जिथं राहिली तिथं हाच नियम वेगवेगळ्या रूपांत भेटत गेला.

त्यामागचं विज्ञान तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या होतं. आजी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी एकावर एक अंथरून गोधडी शिवायची. त्यातलं एकेक लुगडं इतकं विरलेलं असे की उजेड आरपार दिसावा, पण एकत्र टाके घातले की पौषातली रात्र निभावायची. ऊब कापडात असते त्याहून जास्त कापडांच्या मधे अडकलेल्या हवेत असते. स्थिर हवा उष्णता फार कमी वाहून नेते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. त्यांच्यात हवा कोंडली जाते आणि ती किती कोंडायची हे आपल्या हातात राहतं. मात्र तीच जागा पाण्यानं भरली तर सगळं उलटतं, कारण पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगानं उष्णता ओढून नेतं. घामानं भिजलेला सुती बनियन थंडीत अंगाला चिकटला की हुडहुडी भरते ती त्यामुळे. लोकर मात्र आपल्या वजनाच्या 30 टक्क्यांच्या आसपास ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पावसात डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे हिंडणारे धनगर याच गुणावर पावसाळे काढत आले आहेत.

लग्नानंतर ती नागपूरला गेली आणि तिथं थरांचा अर्थच बदलला. मे महिन्यात पारा 45च्या वर जातो. अशा उन्हात कोकणातली माणसं कपडे कमी करण्याचा विचार करतील. नागपूरच्या बाया उलट करत होत्या. स्कूटरवर निघताना पूर्ण बाह्यांचा सनकोट, हातमोजे, डोकं-तोंड गुंडाळलेला सुती दुपट्टा, फक्त डोळे उघडे. हवा त्वचेपेक्षा जास्त तापली की वारा कोरड्या अंगाला थंड करत नाही, उलट उष्णता देतो. तेव्हा कापडाचा सैल थर म्हणजे अंगावर घेतलेली सावली. 1980 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत चार संशोधकांनी वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवर लेख लिहिला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते, असं त्यांना मोजमापांत आढळलं. सासूबाईंनी असले लेख वाचलेले नव्हते. त्या दुपट्टा निवडताना सूत उन्हाकडे धरून बघायच्या आणि विणीतून सूर्य दिसला तर कापड परत ठेवायच्या. रंगाबद्दलही त्यांचा आग्रह असे. चेहरा झाकलेला असताना बाईची ओळख दुपट्ट्यावरूनच पटते, म्हणून तो साडीला किंवा कुर्त्याला शोभलाच पाहिजे.

मग मुंबई. तिथं हवामान दोनच प्रकारचं होतं, रस्त्यावरचं आणि ऑफिसातलं. लोकलमधून घामाघूम उतरायचं आणि पाच मिनिटांत वातानुकूलित मजल्यावर कुडकुडायला लागायचं. पुरुष सहकारी निवांत बसलेले असायचे. बाया मात्र खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला स्टोल ओढून घ्यायच्या. याचं एक कारण 2015 साली ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये दोन डच संशोधकांनी मांडलं. इमारतींतल्या सुखद तापमानाची मानकं 1960च्या दशकातल्या प्रतिमानावर उभी आहेत आणि त्यात शरीराची उष्णता सरासरी पुरुषाची धरलेली आहे. बायकांचं शरीर बसल्या कामात त्याहून कमी उष्णता निर्माण करतं. कपड्यांची ऊब मोजायला शास्त्रज्ञांनी 1941 साली ‘क्लो’ नावाचं एकक ठरवलं. 21 अंशांच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला पुरेल एवढी ऊब म्हणजे एक क्लो, साधारण एका पुरुषी सुटाएवढी. मुंबईतली बाई सुती कुर्ता-सलवार घालून त्याच्या निम्म्यावर असते. तिनं ऑफिसच्या खणात एक शाल कायमची ठेवली. राखाडी, बारीक जरीकाठाची, तिच्या बहुतेक सगळ्या कपड्यांवर जाणारी. खणातली शाल ही तडजोड न दिसता पोशाखाचा भाग दिसायला हवी, यासाठी तिनं ती शोधायला बरेच दिवस घेतले होते.

लेहला ती सप्टेंबरच्या शेवटी गेली. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ आणि कोरडी असते, म्हणून उन्हात कातडी भाजते आणि भिंतीच्या सावलीत गेलं की दात वाजतात. ऊन आणि सावली यांत दोन पावलांचं अंतर. तिथल्या माणसांचा पोशाख त्या दोन पावलांसाठीच घडवल्यासारखा आहे. लडाखी बाया-पुरुष गोंछा घालतात, जाड लोकरीचा पायघोळ झगा, कमरेला रंगीत पट्ट्यानं घट्ट आवळलेला. कमरपट्टा ऊब निसटू देत नाही, आणि करड्या-मरून झग्यावर त्याचा गडद गुलाबी किंवा हिरवा रंग उठून दिसतो. लेहजवळच्या चोगलमसरच्या तिबेटी वस्तीत तिनं छुबा हा झगा पाहिला. ऊन लागलं की माणूस उजव्या बाहीतून हात काढतो आणि ती लांब बाही पाठीवर सोडतो किंवा कमरेला गुंडाळतो. आतला रेशमी सदरा दिसू लागतो. ढग आला की हात पुन्हा बाहीत. कपडा न काढता, कुठे ठेवायचा हा प्रश्न न पडता, निम्मा थर उतरतो. आणि ती एका खांद्यावरची तिरकी रेघ इतकी देखणी दिसते की थंडीचा प्रश्न सोडवताना कुणीतरी सौंदर्याचाही विचार एकत्रच केला असावा असं वाटतं.

लेहच्या बाजारात चांगथांग पठारावरच्या बकऱ्यांची पश्मिना होती. तिचा तंतू 12 ते 16 मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. एवढ्या बारीक तंतूंच्या जाळीत हवा खूप मावते, म्हणून शालीला वजन नसतं आणि ती गळ्याभोवती दोनदा फिरवली तरी कोटाची कॉलर फुगत नाही. थरांच्या पोशाखात अंग जाडजूड दिसू द्यायचं नसेल तर आतली कापडं बारीक आणि गुळगुळीत हवीत. 1924 साली एव्हरेस्टवर हरवलेले गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांचा देह 1999 साली सापडला, तेव्हा अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर निघाले, वरून गॅबर्डीन. संशोधकांनी त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रती करून पाहिल्या. कपडे हलके आणि उबदार होते, आणि मधल्या रेशमामुळे थर एकमेकांवरून घसरत, हातपाय मोकळे राहत. तिनं तेव्हापासून कोटाखालच्या लोकरी कपड्याच्या आत रेशमी किंवा साटीनचं अस्तर असेल असं बघितलं.

टोरांटोला जायचं ठरलं तेव्हा तिनं काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाई जोशी यांचं चरित्र पुन्हा काढून वाचलं. शाळेत त्यांच्यावर धडा होता, पण कपड्यांचा प्रश्न कुणी शिकवला नव्हता. 1883 साली अठरा वर्षांची आनंदीबाई समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाते. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. काष्ट्यामुळे आत काही घालायला जागा राहत नाही. महाराष्ट्रात सोयीचा असलेला हा पोशाख पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात अपुरा पडत होता. पाश्चात्त्य झगा घालणं तिला मान्य नव्हतं. तिनं गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. पाय घोट्यापर्यंत झाकले गेले, आत परकर आणि उबदार कपडे घालता आले, आणि अंगावर साडी राहिली. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुलीनं बर्फाळ गावात घेतलेला हा निर्णय किती विचारी होता, हे तिला टोरांटोच्या तयारीत प्रथम कळलं.

10 ऑक्टोबर 1885चं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्याच महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी आहेत. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, सीरियन वेशातल्या सबात इस्लांबुली. तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख घातला आहे आणि तिन्ही पोशाख थरांचे आहेत. ओकामींच्या देशात तर थर ही दरबारी कला होती. हेइआन काळात, म्हणजे 794 ते 1185 या वर्षांत, राजदरबारातल्या स्त्रिया एकावर एक रेशमी झगे घालत. आतल्या प्रत्येक झग्याची फक्त कड बाहीपाशी आणि गळ्यापाशी दिसे, आणि त्या कडांच्या रंगांना ऋतूतल्या झाडाफुलांची नावं असत. मुरासाकी शिकिबु या दरबारी लेखिकेनं आपल्या रोजनिशीत एका बाईच्या बाहीच्या कडेची रंगसंगती जराशी चुकल्याची नोंद केली आहे. त्या काळातल्या त्या स्त्रियांचं मन तिला लगेच ओळखीचं वाटलं. साडी घेताना आजी आधी काठ चाचपायची, मग पोत. देखणेपण कडेला असतं, कारण कडेलाच आतलं बाहेर येतं. कॉलर, मनगट, घेर, पदर, या चार जागा जुळल्या की मधे कितीही थर असोत, माणूस नीटनेटकं दिसतं.

टोरांटोत हे सगळं एकदम कामी आलं. जानेवारीत बाहेर उणे 15 आणि सबवेत, दुकानात, घरात 21. दिवसातून कितीदातरी 36 अंशांची उडी. शहराच्या मध्यवस्तीत जमिनीखालून सुमारे 30 किलोमीटरच्या वाटा आहेत, त्यात माणसं कोट हातावर घेऊन चालतात. कोट उतरवला की खालचं सगळं उघडं होतं, म्हणून तिथले लोक स्वेटरच्या रंगाइतकीच कॉलरची आणि मनगटाची काळजी घेतात. घराच्या दारात बूट काढायचे असतात, म्हणजे मोजेही दिसतात. तिनं लोकरी मोज्यांचे रंग साड्यांच्या काठांशी जुळवून घेतले. ब्लूर स्ट्रीटवरच्या बाटा शू म्युझियममध्ये उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची पादत्राणं बघताना तिला इनुइट बायकांचं शिवणकाम भेटलं. आतल्या थराची केसाळ बाजू अंगाकडे, बाहेरच्या थराची बाहेर, मधे कोंडलेली हवा. आणि वर कातड्याच्या गडद-फिकट तुकड्यांची नक्षी, जिच्यामुळे घालणाऱ्याचा गाव ओळखता येतो.

मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला टोरांटोशेजारच्या मिसिसॉगात सगळ्या काळ्या साड्या नेसून येतात. काळा रंग ऊब धरतो म्हणून ही प्रथा. पुण्यात ती हौसेची, इथं ती खरोखर गरजेची. पाहुण्या दारात पार्का काढतात आणि आतून चंद्रकळा बाहेर येते. तिनं त्यासाठी ब्लाऊजऐवजी उंच गळ्याचा बारीक मेरिनो लोकरीचा स्वेटर घातला, काठाच्या लाल रंगाशी नेमका जुळणारा. परकराखाली लोकरी लेगिंग. पायांभोवतीच्या निऱ्या स्वतःच हवा कोंडतात. बाहेर पडताना पदर गळ्याभोवती फिरवून पार्काच्या आत, घरात आल्यावर सोडून खांद्यावर. दोन-तीन जणींनी पुढच्या वर्षी तसेच स्वेटर घेतले. एकीनं गडद हिरवा, एकीनं मोरपंखी, प्रत्येकीनं आपल्या काठाकडे बघून.

यंदा तिची भाची शिकायला टोरांटोला येणार आहे. परवा पुण्याहून फोन आला.

“मावशी, इथं दुकानात एक जाड कोट बघितलाय. घेऊ का?”

“कोट नको गं घेऊस. तो इथं येऊन घे, इथल्या थंडीला पुरेल असा. बॅगेत आतले कपडे आण. दोन थर्मल, पातळ लोकरीचे दोन-तीन स्वेटर, एक चांगली शाल.”

“आणि साड्या? दोन न्यायच्या म्हणते. एक काळी.”

“आण की. स्वेटर मात्र अजून घेऊ नकोस.”

“का?”

“आधी साड्यांचे फोटो पाठव. पूर्ण साडीचा नको, काठाचा जवळून काढ, उजेडात. मग रंग सांगते.”