झाकली मूठ आणि गोल्फचा चेंडू

गोल्फ म्हटले की आपल्या जुन्या मंडळींना मुंबईचा साहेब आठवतो. चेंबूरच्या हिरव्या मैदानावर तो कुंपणाबाहेरून दिसायचा. मागून पिशवी उचलून एक पोऱ्या चालायचा. आपला खेळ क्रिकेट, फार तर कॅरम. इथे आल्यावरही आपल्या मुलांनी क्रिकेटच रुजवले. तेव्हा या पानावर गोल्फ पाहून काही वाचक हसतील. हसू द्या. हा लेख खेळापेक्षा हातांविषयी अधिक आहे. कोकणात आपल्या वाडवडिलांनी तेलाचे घाणे चालवले, इथे आपण कारखान्यांत उभे राहिलो, ते हातांच्याच जोरावर.

मी जन्मभर लेथवर काम केले. आता बोटांचे सांधे धरले आहेत. बरणीचे झाकण उघडायलाही शेजारणीला हाक मारावी लागते. डॉक्टर म्हणतात, बोटे हलती ठेवा. माझा नातू सोळा वर्षांचा. त्याला मराठी जेमतेम समजते, बोलता येत नाही. माझे हिब्रू उल्पानात शिकलेले, दुकानापुरते आणि कारखान्यापुरते. आम्हा दोघांत माया पुष्कळ, पण शब्द थोडे. तो कैसरियाच्या मैदानावर गोल्फ शिकतो. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत, रोमन अवशेषांच्या शेजारी, 1961 साली सुरू झालेले हे अठरा होलचे मैदान. सरावाच्या वेळी मी त्याच्याबरोबर जातो आणि बाकावर बसून त्याचे हात पाहतो.

त्याचे चेंडू सारखे उजवीकडे वळत. तो खांदे बदली, पाय बदली, चिडे. शिक्षकाने मात्र प्रथम त्याची मूठ उघडून पाहिली. कारण साधे आहे. काठीला माणसाचा स्पर्श होतो तो फक्त दोन हातांनी. हात जसे बसतील तसे काठीचे तोंड चेंडूवर येते, आणि तोंड जिकडे, बहुतांशी तिकडे चेंडू निघतो. पूर्वी समजत की चेंडू काठीच्या फेकीच्या दिशेने निघतो. अलीकडे रडारच्या यंत्रांनी दाखवून दिले की निघण्याची दिशा मुख्यतः तोंडच ठरवते, आणि फेक व तोंड यांत फरक पडला की चेंडू हवेत वळतो. हे ऐकून माझ्यातला टर्नर जागा झाला. लेथवर हत्यार जरासे तिरके बसले तरी काम बिघडते. मी घरी हिशेब मांडला: तोंड एकच अंश फिरले, तर दोनशे मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला जातो, आणि हवेतले वळण वेगळेच.

आता मूठ कशी असावी? उजव्या हाताने खेळणाराने काठी डाव्या हातात तळव्यापेक्षा बोटांच्या मुळाशी, तिरपी घ्यावी. वरून पाहिले तर डाव्या हाताची दोन किंवा अडीच बोटपेरे दिसावीत, आणि अंगठा व तर्जनी यांमधली खाच हनुवटी आणि उजव्या खांद्याच्या मध्ये रोखावी. हात उजवीकडे जास्त फिरवले, तीन-चार पेरे दिसू लागली, की तोंड मिटू लागते आणि चेंडू डावीकडे जातो. डावीकडे फिरवले की तोंड उघडे राहते आणि चेंडू उजवीकडे पळतो. माझ्या नातवाचे दुखणे तेच होते. त्याला फक्त एकच पेर दिसत असे.

उजव्या हाताची करंगळी कुठे जावी यावर मोठमोठ्यांचे मतभेद आहेत. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणारा हॅरी वॉर्डन ती डाव्या हातावर ठेवी. ती पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाते. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स ती डाव्या तर्जनीत गुंफतात. काही लोक दहाही बोटे काठीवर सरळ ठेवतात. बेन होगनचे चेंडू फार डावीकडे वळत, म्हणून त्याने डावी मूठ ढिलावली, म्हणजे डावीकडे फिरवली. 1957 च्या त्याच्या पुस्तकातला पहिला धडा मुठीचाच आहे.

दुसरी गोष्ट जोराची. घाबरलेला माणूस काठी आवळतो. आवळली की मनगट कडक होते, तोंड वेळेवर फिरत नाही आणि चेंडू उजवीकडे. नातू चिडला की त्याची बोटे पांढरी पडत. मी बाकावरून ओरडे, “सैल! सैल!” एके दिवशी त्याने विचारले, सबा, या हाताला मराठीत काय म्हणतात? मी म्हटले, मूठ. तेव्हापासून चेंडू मारण्याआधी तो स्वतःशी पुटपुटतो, “मूठ सैल.” त्याच्या शिक्षकाला वाटले, ही कुठली तरी प्रार्थना असावी.

पुढे त्याने माझ्यासाठी एका जुन्या काठीवर जाड रबर चढवले. जाड दांडा धरायला बोटे कमी मिटावी लागतात, म्हणून दुखऱ्या सांध्यांना तो सोपा. दहा बोटांनी धरून मी जवळच्या जवळ चेंडू ढकलतो. नातू माझी पेरे मोजतो आणि माझ्याच शब्दांत मला दटावतो.

आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. गोल्फमध्ये मूठ झाकून चालत नाही. चेंडू सारे सांगून टाकतो. घरोघरी आजी-आजोबा तक्रार करतात की नातवंडांशी बोलायला भाषा उरली नाही. त्यांना माझे एवढेच सांगणे: एखादे काम दोघांच्या हातात घ्या, मग करंजीची मुरड असो, विळी असो की गोल्फची काठी. शब्द आपोआप मागून येतात. माझ्या नातवाजवळ आता दोन आहेत.