घाटातला सोडून दिलेला बोगदा

गेल्या हिवाळ्यात आमच्या चाळीतली दहा-बारा कुटुंबं मिळून आम्ही कार्ले-भाजेची लेणी पाहायला निघालो. भाड्याची बस, मागच्या सीटवर पोरांचा दंगा, डब्यांत चपात्या आणि लसणाची चटणी. बस बोरघाट चढू लागली, तसे रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक काका उठून ड्रायव्हरशेजारी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "आता झोपू नका. हा रस्ता जातो ना, इथं पूर्वी आगगाडी होती."

पोरांना खरं वाटेना. "मग रूळ कुठं गेले?"

काकांना तेच हवं होतं.

१८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली. १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रूळ आले. मधे उभा राहिला घाट. पाच वर्षं प्रवासी खाली उतरून पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट ओलांडायचे. पालखीत कोण बसत होतं आणि खांद्यावर कोण घेत होतं, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी वर चढली. लांबी जवळजवळ १६ मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे २५. खंडाळ्याच्या खाली डोंगर इतका अंगावर येतो की गाडीला वळायला जागाच नव्हती. म्हणून तिथं उलटं स्टेशन केलं. गाडी तिथं थांबायची, पुढचं इंजिन सुटून मागच्या टोकाला लागायचं, आणि शेपटाचं तोंड होऊन गाडी पुढचा चढ चढायची. उतरतानाही तसंच. काकांनी ते हाताच्या पंजाने करून दाखवलं आणि बस वळणावर गेली तसे तोल जाऊन सीटवर आदळले. सगळी बस हसली.

१९२९ साली नवे बोगदे खोदून नवा मार्ग काढला. विजेच्या गाड्यांचे दिवस आले होते. इंजिन सोडा, फिरवा, जोडा यात वेळ कोण घालवणार? उलटं स्टेशन बंद पडलं, जुना मार्ग ओस पडला. त्यातलाच एक बोगदा पुढे मुंबई-पुणे हमरस्त्याच्या वाहतुकीच्या कामी आला. आगगाडीसाठी फोडलेल्या दगडातून ट्रक आणि एसटी जाऊ लागल्या.

तो दगड फोडला कुणी? १८६१ च्या सुमाराला या एका घाटात ४२,००० पर्यंत मजूर राबत होते. बाया, पोरंसुद्धा पाट्या वाहत. त्यांत गावकुसाबाहेरची माणसं होती, बिनजमिनीची होती, दुष्काळाने घर सोडलेली होती. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे तिथं माणसाला दोर बांधून वरून खाली सोडत. त्यानं लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायची. पटकीची साथ आली की झोपड्यांच्या रांगा रिकाम्या होत. हजारोंनी माणसं मेली.

आणि ती मुकाट्यानं मेली असंही नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून मजूर चिडून उठले, गोऱ्या मुकादमांवर धावून गेले. सरकारला चौकशी करावी लागली. फॅव्हिएल नावाच्या ठेकेदाराचा ठेका त्याच वर्षी सुटला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको ॲलिस हिनं ठेका आपल्याकडे घेतला आणि पुरा केला. त्या काळी बाईमाणसानं हे करावं, याचं आमच्या महिला मंडळाला फार कौतुक वाटलं. एक आजी मात्र म्हणाल्या, "तिचं नाव राहिलं, ते बरंच झालं. पाटी वाहणारीचं काय?"

यावर बसमध्ये कुणी बोललं नाही.

दुपारी कार्ल्याला पोचलो. चैत्यगृहाच्या दारापाशी कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या एका मुलीनं वही उघडली. तिनं शिलालेखांची माहिती लिहून आणली होती. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्यानं दाराचं दान दिलं, हे तिनं वाचलं. मग म्हणाली, दार करणाऱ्याचंही नाव इथं कोरलंय: धेनुकाकटचाच सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचं नाव, बापाच्या नावासकट! ब्राह्मी अक्षरं आम्हाला कुठली वाचता येणार? तरी पोरं भिंतीला नाक लावून "सा" शोधत राहिली. आजी बराच वेळ त्या दारात बसून होत्या.

या सगळ्यात भाजे राहूनच गेलं. अंधार पडला, पोरं पेंगली, ड्रायव्हर घाई करू लागला. आता पुढच्या खेपेला बस नको, रेल्वेनं लोणावळा आणि तिथून लोकलनं मळवली असं ठरलं आहे. खर्च कमी होतो, आणि काका म्हणतात, घाटात बोगदे मोजता येतात.