सांकेतांक आणि जबाबदारी

एग्मोर स्थानकाचा रेल्वेतील सांकेतांक ‘एमएस’, तर चेन्नई सेंट्रलचा ‘एमएएस’. मद्रासचे चेन्नई १९९६ मध्ये झाले. सांकेतांक मात्र जुन्याच नावाचे राहिले. बँकांचे आंतरराष्ट्रीय सांकेतांकही असेच. इंडियन ओव्हरसीज बँकेचे मुख्यालय चेन्नईत, परंतु तिच्या सांकेतांकात ‘बीबी’ ही मुंबईची खूण आहे. सांकेतांक यंत्रासाठी असतो. त्यात अर्थ शोधणारा सामान्य माणूस फसतो.

‘स्विफ्ट’ ही संस्था १९७३ मध्ये १५ देशांतील २३९ बँकांनी ब्रुसेल्स येथे स्थापन केली. ती पैसे नेत नाही, केवळ संदेश नेते. तिच्या सांकेतांकात ८ किंवा ११ अक्षरे असतात: चार बँकेची, दोन देशाची, दोन स्थानाची आणि असल्यास तीन शाखेची. आपला आयएफएससीही ११ अक्षरांचाच. पण तो देशांतर्गत व्यवहारांसाठी. लहान शाखांना बहुधा स्वतःचा स्विफ्ट सांकेतांक नसतो. परदेशातून आलेली रक्कम आधी परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेत उतरते आणि तेथून खात्यात जाते.

एग्मोरमधील माझ्या परिचयाच्या एका निवृत्त मराठी गृहस्थांना शाखेने कागदावर आयएफएससी लिहून दिला. परदेशातील मुलाने तोच स्विफ्टच्या रकान्यात भरला. आईच्या शस्त्रक्रियेचे पैसे आठ दिवस अडकले. शाखा म्हणाली, चूक पाठवणाऱ्याची. तिकडची बँक म्हणाली, चूक घेणाऱ्याची. योग्य सांकेतांक कोणता, हे मात्र कोणीच सांगेना. प्रत्येक टेबल आपल्यापुरते नियमात होते आणि रुग्णालय अनामत रकमेसाठी थांबायला तयार नव्हते. अखेर नातेवाइकांनी उसने पैसे उभे केले.

आपल्याकडील शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच दिली जाई. पैसे भलत्याच्या हाती गेल्यास जाब कोणाला विचारायचा, हे त्यामुळे ठाऊक असे. सांकेतांकाने वेग आणला, ही मोठीच सोय आहे. परंतु उत्तरदायी माणूस त्याने पुरवला नाही. ते काम प्रशासनाचे आहे. प्रत्येक शाखेत दोन्ही सांकेतांक, त्यांच्या उपयोगासह, ठळक लावणे काही खर्चाचे नाही.

तोवर परदेशस्थ वाचकांनी शाखेकडून स्विफ्ट सांकेतांक, पूर्ण खाते क्रमांक आणि खात्यावरील नाव लेखी मागून घ्यावे. पैसे पाठवल्यावर आपल्या बँकेकडून ३६ चिन्हांचा यूईटीआर हा मागोवा क्रमांकही घ्यावा. रक्कम कोठे थांबली आहे, हे त्यावरून शोधता येते. आणि मग विचारणा नेमकी कोणाकडे करायची, हेही कळते.