फाईलमधला एक कागद



मागच्या रविवारी स्वाध्यायात दिग्व्रताचा विषय होता. दहाही दिशांना आपली हद्द आपणच ठरवायची आणि जन्मभर तिच्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. एका नव्या सुनेने विचारलं, "काकू, तुमची लेक तर परदेशात. मग तुम्ही हे व्रत कसं घेतलंत?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी आल्यावर डिसेंबर २०२१ मधला एक प्रवास डोळ्यांपुढून हलेना. त्याबद्दल मी इथे कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही दोघांनी कुंभोजला बाहुबलीच्या पायाशी परिमाण घेतलं, तेव्हा हद्दी ह्यांनी सांगितल्या. पूर्वेला शिखरजी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला आणि पश्चिमेला लेकीचं घर. लेक नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "हे कसलं व्रत? जायचं तिथवर हद्द वाढवून ठेवलीत." हे म्हणाले, "जायचं तिथवर जाऊ, त्यापुढे नाही. तेही काही कमी नाही."

मे २०२१ मध्ये हे गेले. दुसरी लाट. नऊ दिवस दवाखान्यात होते, दहाव्या दिवशी फोन आला. लेकीला येता आलं नाही. २६ एप्रिलला नेदरलँड्सने भारतातून येणारी प्रवासी विमानं बंद केली होती, ती १ जूनला सुरू झाली. ती कशीबशी आली असती, पण परत कधी जाता येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि चार वर्षांची पोर तिकडे. शेवटचा णमोकार तिने फोनवरून म्हटला. ह्यांनी ऐकला की नाही, ठाऊक नाही. फोन नर्सच्या हातात होता.

नोव्हेंबरमध्ये मी तिच्याकडे गेले. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, आणि मग त्या विषयावर बोलेनाच कुणी. ती कामात, मी नातीत आणि स्वयंपाकात.

तिच्या शेजारी एक डच आजी राहतात. नात त्यांना ओमा म्हणते, म्हणजे आजीच. त्यांचं एक जुनं सुट्टीचं घर इटलीत, लेद्रो सरोवराच्या काठच्या गावात. दरवर्षी नवरा-बायको गाडीने जायचे. २०१९ च्या शरद ऋतूत गेले ते शेवटचे. मग साथ आली, आणि २०२० च्या उन्हाळ्यात त्यांचे मालक वारले. १८ डिसेंबरला नेदरलँड्समध्ये पुन्हा लॉकडाऊन जाहीर झालं. दुकानं बंद, घरी दिवसाला दोनच पाहुणे. जावयांना दोन आठवडे सुट्टी होती. ओमा दाराबाहेर अंतर ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. थंडीने नळ फुटले नाहीत ना, तेवढं बघा. आणि दाराच्या मागे ह्यांचा तपकिरी स्वेटर आहे, तो आणा."

माझा पहिला प्रश्न हद्दीचा. लेकीने नकाशा उघडून दाखवला. इटलीतलं ते गाव आइंडहोवनच्या पूर्वेला आणि दक्षिणेला. म्हणजे हद्दीच्या आतच. "बाबांनी बरोबर मोजलं होतं," ती म्हणाली. ह्यांचं नाव तिच्या तोंडून त्या महिन्यात पहिल्यांदा आलं.

सरकारी हद्दी मात्र एवढ्या सोप्या नव्हत्या. वाटेत तीन देश, तिघांचे तीन नियम. जर्मनीने नेदरलँड्सला जास्त धोक्याच्या यादीत टाकलेलं, म्हणून आधी संगणकावर नोंदणी आणि लसीचा पुरावा. ऑस्ट्रियाने २० डिसेंबरपासून दोन डोसवर तिसरा डोस नाहीतर पीसीआर मागायला सुरुवात केली होती, पण न थांबता पार होणाऱ्यांना सूट होती. इटलीला १६ डिसेंबरपासून लस घेतलेल्यांचीही चाचणी हवी होती. पीसीआर असेल तर प्रवेशाच्या आधीच्या ४८ तासांतली, साधी अँटिजेन असेल तर २४ तासांतली. शिवाय वेगळा फॉर्म. सहा वर्षांखालच्या मुलांना चाचणी नाही, म्हणून नात सुटली.

मी बी.कॉम. बाई. कागद म्हटले की मला हुरूप येतो. सांगलीहून आणलेली प्लास्टिकची फाईल काढली. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, वर चिठ्ठी. तासांचा हिशेब वहीत मांडला. रविवारी दुपारी तीनला चाचणी, मंगळवारी दुपारी बाराच्या आत ब्रेनर खिंड ओलांडायची. पंचेचाळीस तास. तीन तास शिल्लक.

स्वयंपाकाचा हिशेब त्याहून अवघड. बाहेर काही खायचं नाही आणि डिसेंबरात तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, नातीला गुळाच्या पोळ्या, गाळून उकळलेल्या पाण्याचे दोन थर्मास. घड्याळात पावणेचार झाले की गाडी कुठेही असो, डबा उघडायचा.

सोमवारी सकाळी चाचणीचे निकाल आले, सगळे निगेटिव्ह. लगेच निघालो. सहाशे किलोमीटर जाऊन उल्म शहरात जावयांच्या मित्राकडे मुक्काम केला. मंगळवारी आठला पुन्हा रस्त्यावर. ऑस्ट्रियात थांबायचं नव्हतं, म्हणून फ्युसेनच्या अलीकडे, जर्मनीतल्या शेवटच्या पंपावर गाडी लावली. जावई ऑस्ट्रियाच्या रस्त्याचं स्टिकर घ्यायला गेले. लेक म्हणाली, "आई, फाईल दे. सगळे कागद एकदा बघून घेते."

तिने एकेक कागद काढला. माझं प्रमाणपत्र, कोविशिल्ड, दोन्ही डोस. त्याच्या पाठीला चिकटून आणखी एक कागद आला. ह्यांचं प्रमाणपत्र. मार्चमध्ये आम्ही दोघं एकाच दिवशी लस घ्यायला गेलो होतो, एकाच फाईलमध्ये कागद ठेवले होते. पहिला डोस झाल्याचं लिहिलेलं, आणि खाली दुसरा डोस कधी घ्यायचा ते.

ती त्या कागदाकडे बघत राहिली. मग घडी न मोडता तो आपल्या पर्समध्ये ठेवला आणि फाईल मला परत दिली. जावई आले, काचेला स्टिकर लावलं, गाडी निघाली.

ऑस्ट्रिया आम्ही न थांबता पार केला आणि न बोलताही. फर्न खिंड, इन्सब्रुक, मग दरीवरचा तो उंचच उंच युरोपा पूल. नात "बर्फ! बर्फ!" ओरडत होती तेवढाच आवाज. साडेअकराच्या सुमारास ब्रेनर आली. मी फाईल मांडीवर उघडून, मास्क नीट लावून बसले होते. कुणी थांबवलं नाही. पोलिसांची गाडी बाजूला उभी होती, तिने बघितलंही नाही. एवढे नियम, एवढा हिशेब, आणि ती फाईल कुणी मागितलीच नाही. मे महिन्यात जी हद्द माझ्या लेकीला बापाच्या तोंडात पाणी घालायला ओलांडता आली नाही, तशीच एक हद्द आता पाटीपलीकडे काही नसल्यासारखी मागे गेली. आरशात मला तिचे डोळे दिसत होते. तीही बहुधा तेच मोजत होती.

पुढे बोल्झानो, ट्रेंटो, मग गार्डा सरोवराच्या टोकाला रीवा, आणि तिथून बोगद्यांतून वर लेद्रो. डबा वाटेतच उरकला. घर गारठलेलं, दोन वर्षांचा बंद वास. नळ शाबूत होते. जावई शेगडी पेटवायला लागले. दाराच्या मागे खुंटीला तपकिरी स्वेटर होता, कोपरांवर झिजलेला, खिशात रुमाल. बुरशीचा वास येत होता, म्हणून मी सवयीने तो धुवायला घेतला. लेकीने झडप घालून माझ्या हातातून ओढला.

"धुवू नकोस!"

नात घाबरली. लेक स्वेटर छातीशी धरून तिथेच जमिनीवर बसली. मग हळूच म्हणाली, "बाबांचा एक तरी स्वेटर ठेवायचास गं आई. माझ्यासाठी."

मैत्रिणींनो, मी ठेवला नव्हता. सुतक फिटलं आणि आठ दिवसांत मी कपाट रिकामं केलं. शर्ट, धोतरं, स्वेटर, घड्याळ, दोन्ही चष्मे. वृद्धाश्रमात देऊन आले. सगळ्या म्हणाल्या, केवढं वैराग्य, केवढा अपरिग्रह! मला ते ऐकायला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आणि खरं कारण वेगळंच होतं. ते कपाट उघडायचा मला धीर होत नव्हता. ते घरात असेपर्यंत मला झोप लागत नव्हती.

"मला एकदा विचारलंही नाहीस," ती म्हणाली. "मी येऊ शकत नव्हते. पण फोन तर होता."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

पहाटे सरोवराकडच्या खिडकीत सामायिकला बसले, पण मन लागेना. आयुष्यभर पाच अणुव्रतं मोजत आले. अपरिग्रह पाचवा, तो मी पाळला असं समजत होते. पण तिसरं? अचौर्य. न दिलेलं घ्यायचं नाही. त्या कपाटातला काही वाटा लेकीचा होता. तिने तो सोडला नव्हता, मला दिला नव्हता. मी तो तिला न विचारता उचलला आणि दान करून मोकळी झाले. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर दान माझ्या नावावर जमा, आणि रक्कम तिच्या खात्यातून. अशी नोंद मी कुणा दुसऱ्याच्या वहीत पाहिली असती, तर लाल शाईने खूण केली असती.

दिग्व्रताचंही तेव्हाच कळलं. सरकारने आखलेली हद्द पाय अडवते. आपण घेतलेली हद्द मन अडवायला असते. मी पायांची हद्द चोख पाळत होते, अंशांनी मोजून. पण घाईला, आपलं दुःख लवकर आवरून टाकायच्या ओढीला कुठे थांबायचं, ते मी ठरवलंच नव्हतं.

सकाळी लेकीला म्हटलं, "चुकलं माझं." तिने मान हलवली. लगेच सगळं नीट झालं असं नाही. पण त्या दिवसापासून ती बाबांबद्दल बोलायला लागली. ते भाजी कशी निवडायचे, सायकलला तेल कसं घालायचे. आठ दिवस आम्ही त्या थंड घरात बोलत होतो. क्षमापनेच्या दिवशी आपण सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो, मी तिलाही फोनवर म्हटलं होतं. पण कशासाठी, ते त्या सकाळी कळलं.

परतल्यावर स्वेटर ओमांना दिला, न धुता. त्यांनी तो तोंडाशी धरला आणि दार लावून घेतलं. मला त्यांचा राग आला नाही.

ह्यांचं ते प्रमाणपत्र लेकीकडेच आहे, तिच्या पासपोर्टच्या पाकिटात. मी मागितलं नाही.

तेव्हा एवढंच सांगते. घरातलं माणूस गेलं की कपाट जरूर रिकामं करा, वस्तू गरजूंच्या उपयोगी पडू द्या. पण आधी लेकींना, लेकांना, भावंडांना एकदा विचारा, "तुला काय हवं?" कुणी लांब अडकलं असेल तर त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. कपाट महिनाभर बंद राहिलं तर अपरिग्रहाला बाध येत नाही.